सनईवाल्याचा प्रश्न

मध्य व्हिएतनाममधल्या दा नांग या समुद्रकाठच्या शहरात गेल्या काही वर्षांत आपल्याकडची माणसे इतकी जाऊ लागली आहेत, की तिथल्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला गेले तर दोन-चार ठिकाणी तरी मराठी कानावर पडते. 'अगं, चपला हातात घे' हे वाक्य मी मी-खेच्या वाळूत ऐकले, आणि क्षणभर आपण गणपतीपुळ्याला आहोत असेच वाटले. आम्ही तिथे गेलो ते पुण्याच्या एका सहल कंपनीबरोबर. बावीस माणसे. त्यात आम्ही तिघे : हे, मी आणि आमच्या वन्सं. वन्सं चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या. गुडघे दुखतात, पण 'बसमध्येच थांबते' हे वाक्य त्यांच्या शब्दकोशात नाही.

प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा इरादा नाही. ती पुष्कळ येतात, आणि बहुतेकांत हॉटेलच्या न्याहारीचे वर्णन देवळांपेक्षा मोठे असते. मला लिहायचे आहे ते आपण तिथे जाऊन काय बघतो आणि बघताना काय म्हणतो याबद्दल. कारण त्या चार दिवसांत मला आपल्याच माणसांचा दोनदा अभिमान वाटला आणि तीनदा संकोच.

आधी शहराविषयी थोडे. आमच्या पिढीने दा नांग हे नाव आकाशवाणीच्या बातम्यांत ऐकले. ८ मार्च १९६५ रोजी अमेरिकेचे मरीन सैनिक इथल्याच किनाऱ्यावर उतरले आणि युद्ध खऱ्या अर्थाने पेटले. २९ मार्च १९७५ रोजी शहर उत्तर व्हिएतनामच्या फौजांच्या हाती गेले. त्याच तारखेला, २०१३ साली, हान नदीवरचा ड्रॅगन पूल वाहतुकीला खुला झाला. सहाशे सहासष्ट मीटरचा हा पिवळा अजगर शनिवार-रविवारी रात्री नऊ वाजता तोंडातून आधी जाळ आणि मग पाणी टाकतो. पोरेटोरे भिजतात, आयाबाया ओरडतात, मोटारसायकली थांबतात. मला तो प्रकार आवडला. मरणाच्या तारखेवर लोकांनी जत्रा बसवली आहे, त्यात वाईट काय?

शहराच्या उत्तरेला सन त्रा नावाचे डोंगराळ भूशिर समुद्रात शिरलेले आहे. तिथे करुणादेवीची सदुसष्ट मीटर उंच पांढरी मूर्ती कोळ्यांच्या होड्यांकडे तोंड करून उभी आहे. दक्षिणेला संगमरवराच्या पाच टेकड्या. पंचमहाभूते म्हणावे तर त्यांची यादी आपल्यापेक्षा वेगळी : धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती. त्यातल्या 'पाण्याच्या' टेकडीवर चढता येते. आत एक गुहा आहे. वरच्या भोकांतून उन्हाचे खांब खाली उतरतात, त्या उजेडात बुद्ध बसलेला. युद्धकाळात याच टेकड्यांच्या पोटात गनिमांचे दवाखाने चालत आणि नजरेच्या टप्प्यात अमेरिकनांचा विमानतळ होता. पायथ्याच्या गावात पाथरवटांची घरे आहेत. टेकड्या पोखरून संपू नयेत म्हणून आता दगड बाहेरून आणतात. आपल्याकडच्या डोंगरांची अवस्था आठवून मी गप्प बसले.

आता पहिल्या संकोचाकडे येते. आमच्या कार्यक्रमात 'बा ना हिल्स'ला अख्खा दिवस होता, होई आनला एक संध्याकाळ, आणि मी-सनच्या देवळांपुढे कंसात 'ऐच्छिक' असे लिहिलेले होते. बा ना हे फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेले थंड हवेचे ठिकाण. ते युद्धात ओस पडले, आणि आता तिथे पाच किलोमीटरहून लांब केबल कार, खोटे फ्रेंच खेडे, खोटे चर्च आणि २०१८ साली झालेला तो सुप्रसिद्ध सोनेरी पूल आहे. दोन प्रचंड दगडी हातांनी तो उचलून धरलेला दिसतो. हात दगडाचे नाहीत, जाळी आणि फायबरग्लासचे आहेत. वर शेवाळे रंगवलेले. धुक्यातून तो पूल पुढे येतो तेव्हा छान दिसतो, हे कबूल. केबल कारमधून खाली दिसणारे जंगल तर त्याहून छान. पण फ्रेंचांना घालवण्यासाठी ज्या लोकांनी एवढे रक्त सांडले, त्यांच्या डोंगरावर जाऊन आपण नकली फ्रेंच गल्लीत फोटो काढायचे आणि बाराशे वर्षांची खरी देवळे 'ऐच्छिक' ठेवायची, हा हिशेब मला जुळेना. सहल कंपनीच्या माणसाला विचारले तर म्हणाला, "मॅडम, लोकांना तेच हवं असतं." बावीसपैकी अकरा जणांनी मी-सनसाठी हात वर केला. त्या अकरांचा मला अभिमान वाटला. बाकीचे खरेदीला गेले. होई आनचे शिंपी एका दिवसात कोट शिवून देतात, त्यामुळे त्यांनाही फार दोष देता येत नाही.

होई आनविषयी एक गोष्ट सांगायला हवी. सोळाव्या-सतराव्या शतकात हे मोठे बंदर होते. चिनी, जपानी, पोर्तुगीज, डच व्यापारी इथे उतरत. जपान्यांचा छपराचा पूल अजून उभा आहे आणि व्हिएतनामच्या वीस हजार डाँगच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. वीस हजार ऐकून दचकू नये, आपले सत्तरेक रुपये होतात. पुढे थू बॉन नदी गाळाने भरली, मोठी जहाजे दा नांगला जाऊ लागली आणि होई आन मागे पडले. मागे पडले म्हणून वाचले. पैसा आला असता तर ती पिवळ्या भिंतींची, लाकडी दारांची घरे केव्हाच पाडली गेली असती. पावसाळ्यात, म्हणजे तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नदी घरात शिरते. कुठल्या वर्षी पाणी कुठवर आले त्याच्या खुणा लोकांनी भिंतींवर करून ठेवल्या आहेत, आपल्याकडे मुलांची उंची दारावर मांडतात तशा.

मी-सनला निघालो त्या सकाळी दुसरा संकोच घडला, बसमध्येच. आमच्यातल्या एका गृहस्थांनी मार्गदर्शक मुलीला भ्रमणध्वनीवरचा एक निरोप वाचून दाखवला. तो तुम्हालाही केव्हा ना केव्हा आलेला असेल. व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवाजी महाराजांच्या युद्धतंत्रावर, त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी तसे सांगितले आणि आपल्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा मावळा' असे कोरून ठेवायला लावले, वगैरे. मुलगी पंचविशीची, चुणचुणीत. तिने तो सगळा मजकूर इंग्रजीतून नीट ऐकून घेतला. मग म्हणाली, "हो ची मिन्ह यांचं स्मारक हनोईला आहे. मी शाळेत असताना गेले होते. असं तिथं काही नाही." गृहस्थ म्हणाले, "मग दुसरे कुणी असतील." ती हसली आणि विचारले, "तुमचे हे राजे कोणत्या शतकातले?" सतराव्या, असे कळल्यावर तिने त्रान हुंग दाव या सेनापतीची गोष्ट सांगितली. १२८८ साली मंगोलांचे आरमार चालून आले. भरतीच्या वेळी त्यांनी ते बाक डांग नदीत आत येऊ दिले, आणि ओहोटी लागताच तळाशी रोवलेल्या अणकुचीदार खुंटांवर जहाजे फाटली. "आम्हाला शाळेत हे शिकवतात," ती म्हणाली. "गनिमी कावा आमच्याकडे जुना आहे."

बसमध्ये कुणी बोलेना. मला वाईट वाटले ते महाराजांसाठी. ज्यांनी आरमार बांधले, गड बांधले, ज्यांच्या पराक्रमाची साक्ष द्यायला रायगड आणि सिंधुदुर्ग उभे आहेत, त्यांच्या थोरवीला परदेशातल्या खोट्या शिलालेखाचा टेकू कशाला हवा? आणि ज्या लोकांनी लाखो माणसे गमावून आपले युद्ध आपण लढले, त्यांच्याच देशात जाऊन 'ते आमचे श्रेय' म्हणणे हे पाहुण्याला शोभते का?

असो. मी-सन.

दा नांगपासून साधारण सत्तर किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात ही देवळे आहेत. २०२५ च्या जुलैपासून सगळा क्वांग नाम प्रांतच दा नांगमध्ये विलीन झाल्यामुळे कागदोपत्री हे खोरेही आता दा नांग शहरातच मोडते. चवथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन नावाच्या राजाने इथे शिवाचे देऊळ बांधले आणि देवाला नाव दिले भद्रेश्वर. ते जळाले. सातव्या शतकात शंभुवर्मनाने पुन्हा बांधले, तेव्हा देव झाला शंभुभद्रेश्वर. पुढे तेराव्या शतकापर्यंत एकामागून एक राजे इथे विटांची देवळे उठवीत राहिले. विटांच्या सांध्यांत चुना दिसत नाही. ती वीट कशी जोडली यावर अजून वाद चालतो. राज्याचे नाव चंपा, राजधानीचे नाव सिंहपूर, नंतरच्या एकीचे इंद्रपूर. शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत. वन्संनी आधीच वाचून ठेवले होते, की प्रकाशधर्म राजाच्या मी-सनमधल्या लेखावर शके ५७९ अशी तिथी आहे. शके! आपल्या पंचांगावर छापतात ते. "अगं, शालिवाहन शक इथे," एवढेच त्या म्हणाल्या आणि एका जोत्यावर बसून राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी तीस वर्षे ज्या भाषेचे धडे कंटाळलेल्या मुलांकडून घोकून घेतले, ती भाषा समुद्रापलीकडच्या एका जंगलात दगडावर कोरलेली होती. तिथे भरून येणार नाही तर कुठे?

माझे भांडण त्या भरून येण्याशी नाही, हे आधी स्पष्ट करते. भांडण आहे ते त्याच्या पुढच्या वाक्याशी.

ते वाक्य दहा मिनिटांत आलेच. २०२० च्या मे महिन्यात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या लोकांना इथे काम करताना एकाच दगडातून घडवलेले, नवव्या शतकातले मोठे शिवलिंग मिळाले. त्याचे छायाचित्र देशभर गाजले. आम्ही त्याच्यापुढे उभे होतो. आमच्यातल्या एकांनी पिशवीतून फूल काढले, बाटलीतले पाणी ओतायला पुढे झाले, आणि पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. नियम आहे, हात लावायचा नाही. ते चिडले. "हे आमचंच आहे. आमच्याच लोकांनी बांधलंय. हे कोण अडवणार?" मार्गदर्शक मुलीने मान खाली घातली. तिसरा संकोच तो.

'आमच्याच लोकांनी' हे खरे नाही. याचा पुरावा तिथल्या दगडांतच आहे. चाम लोक हे त्याच भूमीचे. त्यांची भाषा मलाय आणि इंडोनेशियाच्या भाषांच्या कुळातली. त्यांच्यात घराणे आईकडून चालते. व्यापाराबरोबर, प्रवासी ब्राह्मणांबरोबर तिथे शिव आला, संस्कृत आले, लिपी आली, कालगणना आली. हे त्यांनी घेतले, पण डोळे मिटून नव्हे. राजाचे नाव देवाला जोडून 'भद्रेश्वर' करण्याची जी रीत त्यांनी घातली, तिच्यात शिव त्यांच्या राजकुळाचा होऊन गेला. दा नांगच्या चाम शिल्पसंग्रहालयातली नर्तकी पाहावी. तिच्या कमरेचा बाक आणि ओठांची ठेवण आपल्या कुठल्याही लेण्यात सापडत नाही. डॉ. रमेशचंद्र मजुमदारांनी १९२७ साली चंपेवर मोठा ग्रंथ लिहिला तो 'प्राचीन भारतीय वसाहती' या मालेत. त्या काळात, परक्याच्या राज्यात मान खाली घालून जगणाऱ्या देशाला आपल्याही वसाहती होत्या असे वाटणे समजण्यासारखे होते. आज स्वातंत्र्याला पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. 'वसाहत' हा शब्द आता तरी टाकायला हरकत नसावी. कुणी सैन्य नेऊन ती देवळे बांधली नाहीत, हीच तर त्यातली मोठी गोष्ट आहे.

गंमत अशी, की हक्क सांगणारे आपण एकटेच नाही. मार्गदर्शक मुलगीही सहज 'आमची प्राचीन व्हिएतनामी देवळे' म्हणत होती. ती ज्या समाजातली, त्याच व्हिएत राजांनी १४७१ साली चंपेची विजया ही राजधानी जिंकून राज्याचा कणा मोडला आणि १८३२ मध्ये उरलासुरला तुकडाही गिळला. फ्रेंचांनी देवळांना अ, ब, क अशी अक्षरे दिली, मूर्ती उचलून संग्रहालयात नेल्या. त्याबद्दल त्यांना नावे ठेवावीत तर त्याच मूर्ती वाचल्या. कारण १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन हल्ल्यात इथले सर्वांत देखणे देऊळ मातीला मिळाले. बाँबचे खड्डे अजून दिसतात. त्यांत गवत वाढले आहे आणि पावसाळ्यात पाणी साचते. युद्धानंतर सुरुंग काढून झाल्यावर काझिमियेझ क्व्यातकोव्स्की हा पोलंडचा वास्तुशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे इथे राबला आणि १९९७ साली व्हिएतनाममध्येच वारला. होई आनमध्ये त्याचा पुतळा आहे. २०१७ ते २०२२ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने देवळांच्या तीन समूहांची डागडुजी केली. पडू पाहणाऱ्या विटा जागेवर बसवल्या, नवे शिखर चढवण्याचा मोह टाळला. हा दुसरा अभिमान. आपल्याकडे गावोगावच्या हेमाडपंती देवळांना भडक ऑइल पेंट फासणाऱ्यांना कुणीतरी ते काम नेऊन दाखवावे.

पण या सगळ्या गलबल्यात ज्यांची ही देवळे, ते चाम लोक कुठे होते? एक तिथेच भेटला. देवळांजवळ एका मांडवात प्रवाशांसाठी नाचगाण्याचा कार्यक्रम होतो. मुली अप्सरांसारख्या वेषात नाचतात. तो भाग मला जरा नाटकीच वाटला. पण त्यात एक उतारवयाचे गृहस्थ एक लांबडे वाद्य वाजवत होते. आवाज थेट सनईचा. कार्यक्रम संपल्यावर वन्सं तडक त्यांच्याकडे गेल्या आणि मुलीमार्फत वाद्याचे नाव विचारले. "सारानाई," ते म्हणाले. वन्संनी "सनई, सनई" असे दोनदा म्हणून दाखवले. दोघेही हसले.

ते फान रांगचे निघाले. दक्षिणेला सुमारे सहाशे किलोमीटर. चाम लोकांची तिथे आजही मोठी वस्ती आहे. काही शिवाच्या परंपरेतले, काही इस्लामच्या, पण दोन्हींचे आपले असे वेगळे रूप झालेले. त्या मुलखाचे जुने नाव ऐकून मराठी माणूस चमकल्याशिवाय राहणार नाही : पांडुरंग. १८३२ मध्ये बुडाले ते शेवटचे चाम राज्य हेच. माझ्या मनात लगेच पंढरपूर उभे राहिले, आणि बसमधले ते गृहस्थ आठवून मी जीभ आवरली. नावाच्या सारखेपणापलीकडे एखादा धागा असल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

सनईवाले सांगत होते, की त्यांच्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास 'काते' नावाचा सण असतो. टेकडीवरच्या देवळाचे दार उघडतात, लिंगावर कोरलेल्या मुखाला न्हाऊ घालतात, वस्त्रे नेसवतात, पितरांना नैवेद्य दाखवतात. मग त्यांनी आम्हाला विचारले, आणि मुलीने भाषांतर केले : "तुम्ही भारतातले ना? तुमच्याकडे काते होतो का?"

वन्सं गोंधळल्या. आम्ही सकाळपासून 'आमचे इथे काय काय आहे' ते शोधत होतो, आणि हा माणूस त्याचे काही आमच्याकडे आहे का ते विचारत होता. अगदी साधेपणाने, लांबच्या नातलगाला विचारावे तसे. वन्सं म्हणाल्या, "काते नाही. पण त्याच सुमारास आमच्याकडे पितृपंधरवडा असतो. आम्हीही पान वाढतो." ते भाषांतर होऊन त्यांच्यापर्यंत कितपत पोचले कोण जाणे. त्यांनी मान डोलावली आणि वाद्य फडक्यात गुंडाळले.

परतीच्या वाटेवर मुलीने वन्संना त्यांचे वय विचारले. व्हिएतनामी भाषेत नुसते 'तुम्ही' असे म्हणता येत नाही म्हणे. समोरचा वयाने केवढा ते पाहून ताई, मावशी, आजी असा नात्याचाच शब्द वापरावा लागतो. वय कळल्यावर तिने त्यांना 'बा', म्हणजे आजी, करून टाकले. सकाळी निरोप वाचून दाखवणारे गृहस्थही मग पुढे सरकून बसले आणि त्यांनी त्या मंगोल आरमाराची गोष्ट पुन्हा एकदा, खुंट किती लांबीचे होते वगैरे तपशिलासकट, विचारून घेतली.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. सहल कंपनीशी आधीच भांडून मी-सनपुढचे 'ऐच्छिक' खोडून घ्या. दा नांगमधले चाम संग्रहालय आधी पाहा, देवळे नंतर, कारण बहुतेक मूर्ती संग्रहालयात आहेत आणि देवळांत रिकामे कोनाडे. ते १९१९ मध्ये उघडले. पिवळ्या रंगाची बैठी इमारत, ड्रॅगन पुलाच्या अगदी तोंडाशी. तासाभरात उरकू नये. मी-सनला पहाटेच निघावे, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाहीत. टोपी न्यावी, पाणी न्यावे. ते पिण्यापुरतेच वापरावे. आणि मांडवात सारानाई वाजत असेल तर कार्यक्रम संपेपर्यंत थांबावे. आमच्या वन्संनी त्यांचा पत्ता घ्यायचा राहून गेला म्हणून मला अजून बोल लावणे थांबवलेले नाही. पुढच्या ऑक्टोबरात फान रांगला जायचे म्हणतात. गुडघ्यांचे काय, असे विचारले तर म्हणाल्या, "टेकडी केवढी आहे ते आधी विचार."